घाटावरची मनुबाई

वात जरा वर करा, म्हणजे सांगतो. तशी ही गोष्ट रात्री सुरू होत नाही. भर दुपारी होते, आणि म्हणूनच तिची धास्ती जास्त. रात्री माणूस दार लावून घेतं. दुपारी कोण लावतं?

बेचाळीसच्या गडबडीनंतरचे दिवस होते. इस्लामपूरकडचं एक खेडं. गावात घडीघडी पोलिसांची धाड, मास्तर चळवळीत परागंदा झालेला, शाळेला कुलूप. जोतीरामची अनसा सात वर्षांची घोडी झाली तरी अंगणातल्या धुळीत रेघोट्याच ओढत होती. जोतीराम हळदीतला जाणता गडी, नुसत्या वासावर माल ओळखायचा. सांगलीजवळ हरिपुरात हळदीची पेवं आहेत, म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठारं. तिथल्या एका व्यापाऱ्यानं त्याला कायमच्या कामाला बोलावलं.

"मने, इंग्रजाचं राज्य सोडायचं आपुन," तो बायकोला म्हणाला. "सांगलीकरांच्या संस्थानात जायाचं. तितं पोरींची निराळी साळा हाय. अनसा शिकंल."

"जाऊया की," मनुबाई म्हणाली. इतकी पटकन म्हणाली की जोतीराम बघतच राहिला. माहेर दोन कोसांवर, सगळा गोतावळा इथं, आणि ही बाई निघायला उतावीळ! पण तिच्या मनात एक होतं, आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मनुबाई बिजवराला दिलेली. जोतीरामची पहिली बायको चंद्रा अनसाच्या बाळंतपणात गेली. लेकीच्या डोक्यावर तेल घालायची हौससुद्धा बिचारीची फिटली नाही. मग मनुबाई आली आणि तिनं ते तान्हं पोर रात्र रात्र खांद्यावर घेऊन वाढवलं. तिची स्वतःची कूस काही उजवली नाही. अनसा तिलाच आई म्हणायची. गावातल्या बाया मात्र काय! पोर दिसली की म्हणायच्या, "चंद्राची गं ही, डोळं बग की." अनसाला अजून उमगत नव्हतं. आज ना उद्या उमगणारच होतं. मनुबाईच्या जिवाला तोच घोर होता. पोर एक दिवस आपल्याकडं बघून म्हणेल, तू माझी कोण?

आणि गळ्यातला तो टाक. आता तुम्हा शहरातल्या पोरांना हे ठाऊक नसेल. दुसरेपणाची बायको गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालते. चांदीचा इवला पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची मूर्त. नवी बांगडी असो, नवं लुगडं असो, हंगामातला पहिला आंबा असो, आधी टाकाला लावायचा आणि मग आपण घ्यायचा. मनुबाईनं हे सगळं मनोभावे केलं होतं. "चंद्राक्का, आदी तुमी," असं म्हणून मगच नवं अंगाला लावायची. पण मनोभावे केलं म्हणून लाज थोडीच जाते? तो टाक म्हणजे गळ्यात बांधलेली दवंडीच होती, की ही दुसरी आहे हो, ही उष्ट्या संसारात आलेली आहे.

हरिपुरात त्यांना पेवांच्या माळालगत दोन खणांची खोली मिळाली. चौफेर हळदीचा वास. पाण्याला तो वास, भाकरीला तो वास, अंथरुणालाही तोच. शेजारी मुकादमाची बायको शालूबाई होती. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी तिनं मनुबाईच्या गळ्याकडं बोट केलं.

"काय गं ते? सवतीचा टाक का? म्हणजे बिजवराची तू?"

मनुबाईचे कान तापले. "छे! देवीचा हाय," ती म्हणाली. "आमच्या घरची देवी."

"मग बरं. म्हटलं ही गोड पोर सावत्र की काय."

"माझ्या पोटची हाय," मनुबाई म्हणाली.

बोलायला किती सोपं असतं बघा. त्या दुपारी ती धुणं घेऊन संगमाच्या घाटावर गेली. वारणा तिथं कृष्णेला मिळते, पाणी खोल आणि गप्प असतं. तिनं टाक गळ्यातून काढला. निर्माल्य नाही का आपण नदीत सोडत, तसंच हे, असं स्वतःला सांगितलं आणि हात पाण्यात घालून मूठ उघडली. डोळे मात्र दुसरीकडं होते. ज्या बाईचं पोर आपण घेतलं तिलाच आपण बुडवतोय, हे तिला कळत होतं. कळत असूनही तिनं मूठ उघडली.

"दोरा तुटला," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "पाण्यात पडला."

जोतीरामनं तिच्याकडं एकदा पाहिलं. "दुसरा करून घिऊ," एवढंच बोलला आणि भाकरी अर्धी टाकून उठला.

अनसाचं नाव शाळेत घातलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मुलगी तुमच्यावरच गेलीय हो अगदी." मनुबाई हसली. घरी येताना हरिपूरच्या चिंचांखालून चालताना तिला हलकं हलकं वाटत होतं. दिवाळीला जोतीरामनं हिरवं लुगडं आणलं. ते तिनं तसंच नेसलं, कुणाला लावलं नाही की कुणाचं नाव घेतलं नाही. दुपारी बघते तर पदराचा काठ ओला. पिळला तर धार लागली. म्हटलं, कुठंतरी पाण्याला लागला असेल.

मग एक दिवस अनसा शाळेतून आली ती निराळीच वेणी घालून. सकाळी मनुबाईनं दोन वेण्या घातल्या होत्या. आता एकच घट्ट वेणी, मधोमध भांग, आणि डोकं तेलानं निथळत होतं.

"कुनी घातली गं येणी?"

"तूच की!" पोर खदखदून हसली. "मदल्या सुट्टीत आली हुतीस न्हवं? चिंचंखाली बसून घातलीस. तुजं हात लय गार हुतं आये."

 दुपारभर मनुबाई घराबाहेर पडली नव्हती. तिनं वेणी सोडली, केसांना नाक लावलं. हळदीचा वास. पण इथं सगळ्यालाच तो वास, त्यावरून काय ओळखायचं?

दुसऱ्या दिवशी शालूबाई भेटली ती तोंड फुगवून. "का गं, फारच शिष्ट झालीस? काल घाटावर दोनदा हाक मारली, वळून बघितलं नाहीस. ओल्यानं तशीच चढून गेलीस."

"मी न्हवं…"

"तू नाही तर कोण? हिरवं लुगडं मला ओळखू येत नाही होय?"

मनुबाईनं मान खाली घातली. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार. टाक देवीचा नव्हता, दोरा तुटला नव्हता, पोर पोटची नव्हती. एका खोट्याला टेकून दुसरं उभं होतं, आणि एक काढावं तर सगळंच कोसळणार. नवऱ्यापुढं तोंड उघडायचं तिनं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा त्याची ती अर्धी टाकलेली भाकरी आठवली आणि ती भांडी घासायला उठली. तिनं लुगडं ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि जुनेरं नेसली.

शनिवारी शाळा दुपारी सुटायची. ऊन डोक्यावर आलं तरी अनसाचा पत्ता नाही. मनुबाई रस्त्यानं निघाली. चिंचांखाली चिटपाखरू नव्हतं. एक पान हलेना. समोरून शाळेच्या पोरी आल्या आणि तिला बघून थबकल्या.

"काकू, तुम्ही इकडून कशा?" एक म्हणाली. "आत्ताच तर तुम्ही अनसाला घाटाकडं घेऊन गेलात."

मनुबाई पळत सुटली. पायातलं पायताण कुठं पडलं तेही तिला कळलं नाही.

घाटावर शालूबाई आणि दोन-चार बाया धुणं आपटत होत्या. खाली गुडघाभर पाण्यात एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं. मनुबाईचा असतो तसाच अंबाडा. उभं राहताना एका पायावर भार द्यायची लकबही तीच. तिनं अनसाचं बोट धरलं होतं, आणि पोरीच्या कमरेला पाणी लागलं होतं.

"अनसा!"

पोर वळली. वर बघितलं, बाजूला बघितलं. तिचं तोंड एवढंएवढं झालं.

आणि ती बाई बोलली. वळली नाही. मनुबाईच्याच आवाजात, शेजारणीला काही सहज विचारावं तशी हळू बोलली.

"पोर कुनाची…?"

मनुबाईला त्या क्षणी खरं बोलायचं होतं, देवाशपथ. शब्द ओठांवर आले होते. पण आपटणी थांबली होती आणि शालूबाई तिच्याकडं टक लावून बघत होती. पुढचं सगळं तिला दिसलं. पाणवठ्यावरची कुजबुज, "बिजवराची," "खोटारडी," "वांझ." मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं. ती ओरडली, "माझी! माझ्या पोटची हाय!"

बाईनं बोट सोडलं. झटका नाही, काही नाही, नुसतं सोडलं. अनसाच्या पायाखालची शेवाळलेली पायरी निसटली आणि पोर दिसेनाशी झाली. मनुबाईनं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घातली, केस हाताला लागले, केसांनी ओढून तिला वर काढली. बाजूला कुणी नव्हतं. पाणी पुन्हा गप्प.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" शालूबाई धावत आली.  "पोरीला पाण्यात धरून उभी होतीस, तिला सोडून वर कधी गेलीस? आणि लुगडं… लुगडं कुठं बदललंस?"

 पोरीला काखोटीला मारून मनुबाई घरी आली.

दिवस कलला. जोतीराम त्या दिवशी पेव उघडायच्या कामावर होता, उशिरा येणार होता. मनुबाईनं दिवा लावला, दाराला आतून कडी घातली, पोरीला कोरडं नेसवून चुलीपाशी बसवलं. अनसा रडत नव्हती. टुकूटुकू बघत होती फक्त.

दारावर थाप पडली.

"अनसा," बाहेरून हाक आली. मनुबाईचाच आवाज. "कडी काड बाय. मी तुजी आई…"

अनसानं दाराकडं बघितलं. मग मनुबाईकडं बघितलं.

"आये, तू हितं. मग भाईर कोन हाय?"

मनुबाईनं तिला जवळ ओढून घेतलं.

"तिला इचार," बाहेरचा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. थकल्यासारखा होता आवाज, लांबून चालत आल्यासारखा. "इचार, पोटची हायस का तिच्या…"

"हाय न्हवं मी, आये? तुज्या पोटची?"

आता घाट नव्हता, शालूबाई नव्हती. सात वर्षांचं पोर समोर होतं, आणि त्याच्यापुढं मनुबाईला जी लाज वाटली ती साऱ्या गावापुढं वाटली नसती. आपण भीत होतो ते दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला नाही, या दोन डोळ्यांना, हे तिला कळलं. तिनं पोरीचे हात हातात घेतले.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई गं माजे बाई. तुजी आई चंद्रा. लय चांगली हुती. तुला जलम दिऊन गेली. मी… मी मागनं आले. आनि मी तिला नदीत टाकून आले, अनसा. लोक हसतील म्हनून. लाज वाटली म्हनून."

ती रडायला लागली. मोठ्यानं, लाजलज्जा सोडून रडली. बाहेर काही वाजेना. मग ओलं लुगडं दारावरून घासत जावं तसा आवाज झाला आणि तोही थांबला.

 मनुबाईनं वर बघायचं धाडस केलं नाही. पोर आता उठेल, दाराकडं जाईल, कडी काढेल, असं तिला वाटत होतं. जाऊ दे, ती मनात म्हणाली, तिची आहे, तिला जाऊ दे.

पण अनसा सरकत सरकत जवळ आली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. दमलेलं पोर ते, बघता बघता डोळे मिटले. मनुबाईनं देवाचे लाख उपकार मानले. कडी तशीच होती. हुंदका आवरून ती पोरीला थोपटायला लागली.

थोपटता थोपटता तिचा हात थांबला. पोरीच्या पाठीवर थोपटणं मात्र चालूच होतं. तोच ठेका, तेवढंच हळू. चुलीचा उजेड होता तरी मनुबाईनं तिकडं बघितलं नाही. तिनं डोळे घट्ट मिटले, आणि सरकून जागा केली.

अनसानं झोपेतच अंग आक्रसून घेतलं. कुरकुरत ती म्हणाली, "आये… तू हिकडनं नीज. तिला म्हनावं तितं नको, तिच्या केसांतनं पानी गळतंय माज्या अंगावर…"