दोन ब्रेकची गाडी

सत्तरी ओलांडल्यावर आजोबांना गाडी शिकायची हुक्की आली. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. बायको गाडीसाठी मागे लागायची, तेव्हा ते हसण्यावारी न्यायचे. ती गेली, घर खायला उठलं, आणि एका सकाळी स्वारी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात हजर.

स्कूल चालवणारी मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. वडील वारल्यापासून सगळं तिच्याच गळ्यात पडलेलं. आजोबा तिला मास्तरीणबाई म्हणू लागले. पहिल्याच धड्यात त्यांनी गाडी कुंपणात घातली आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. बाबा गेल्यापासून आपण हसलोच नव्हतो, हे तिला घरी गेल्यावर कळलं.

पुढे एके दिवशी दुपार कलल्यावर दोघं नदीकडच्या नव्या, सुनसान रस्त्यावर सरावाला गेली. बघता बघता धुकं उतरलं. आधी झाडं दिसेनाशी झाली, मग खांब, मग गाडीचं नाकसुद्धा. काचेतून ओल्या मातीचा वास येऊ लागला.

"आजोबा, हळूहळू वळवा आता."

"वळवतो हो. आमची ही असती ना, तर म्हणाली असती…" असं म्हणून त्यांनी बायकोचा आवाज असा काही काढला, की मास्तरीण पाय सीटवर घेऊन पोट धरून हसत सुटली.

तोच गाडी करकचून थांबली. इंजिन बंद पडलं.

"वा! वेळेवर ब्रेक मारलात."

"मी? मी कुठे… तूच मारलास."

शिकवण्याच्या गाडीला ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. तिचे पाय सीटवर होते. आजोबांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर.

धुकं जरासं विरलं. चाकांपुढे हातभर रस्ता होता, आणि पुढे काहीच नाही. पूल अजून बांधलाच नव्हता. खोल खाली पाणी वाहत होतं.

"तीच होती," आजोबा म्हणाले. डोळे भरलेले, पण तोंडभर हसू.

"काहीतरीच! त्यांना गाडी कुठे येत होती? हे माझे बाबा. अस्साच मारायचे ते ब्रेक."

"आमचीच!"

"बाबाच!"

लहान पोरांसारखी दोघं भांडली आणि भांडता भांडता खदखदून हसली. मग थांबली.

मागच्या सीटवरचं हसू मात्र थांबलं नाही. बारीक, दबकं…

"हे… हिचं नाही," आजोबा कुजबुजले.

"बाबांचंही नाही…"

तिनं त्यांचा हात घट्ट धरला. भीतीनं अंगावर काटा आला होता, आणि तरी जिवंत असल्याचा असा आनंद तिला कधी झाला नव्हता. आजोबांनी गाडी सुरू केली. रिव्हर्स घ्यायचा तर मागे बघावं लागतं. दोघांनीही बघितलं नाही.

"जे कोणी असाल," आजोबा समोर बघतच म्हणाले, "उपकार झाले. घरापर्यंत सोडतो. पण पट्टा लावा हं, आमच्या मास्तरीणबाई फार कडक आहेत."

मागे आवाज झाला, खट्.

आणि जरा थांबून, दुसऱ्या बाजूनं, पुन्हा एकदा… खट्.