मंगळवारचं दळण

"आज काही एकादशी नाही, ताई."

चक्कीवाल्यानं माझ्या पिशवीतले दोन वाळके शिंगाडे हातावर खुळखुळवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, मिशीसुद्धा पिठानं पांढरी. आवाज मात्र फार तर पस्तिशीचा.

"माहीत आहे मले," मी म्हणाले. "आमच्याकडे हे रोज लागते. पण आधी तुमची चक्की उघडून दाखवा."

"उघडून?"

"दगड पाहायचे आहेत. त्यात गव्हाचा कणही नको."

पापण्यांवरचं पीठ झटकत तो म्हणाला, "पोरगी पाहाले लोकं येतात, अवो. चक्की पाहाले येनाऱ्या तुमीच पयल्या."

"पसंत पडली तर कळवीन."

हसताना त्याच्या गालावरचं पीठ तडकलं. आतला माणूस तेवढ्या भेगेतून दिसला... आणि तो पाहण्यासारखा होता, हे मी त्याच वेळी नोंदवून ठेवलं. मला नोंदी करायची सवय आहे. त्या वर्षी तर तेच माझं काम होतं.

नोंदी माझ्या भाचीच्या होत्या. प्राजक्ता, वय सात, वजन सोळा किलो दोनशे. दोन वर्षं आम्ही तिच्या पोटदुखीला जंत म्हणालो, नजर म्हणालो, शाळा बुडवायचं सोंग म्हणालो. तोवर तिचे केस उशीवर राहायला लागले आणि वर्गातल्या मुली तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायला लागल्या. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला गहू चालत नाही. जन्मभर नाही. आतडं पार झिजलंय. ते भरून येईपर्यंत सहा महिने कुठलंच धान्य नको, मग एकेक देऊन बघू.

आमचं घर अमरावतीत, साईनगरात. दादा बडनेऱ्याला रेल्वेत, त्याच्या पाळ्या फिरत्या. वहिनी अचलपूरच्या शाळेत, तिची एसटी सकाळी सव्वासहाची. मी अकोल्यात एका केकच्या दुकानात कामाला होते. तिशी उलटलेली, बिनलग्नाची आणि ओव्हन चालवता येणारी बहीण असली, की घरच्यांना फार विचार करावा लागत नाही. आठ दिवसांत मी सामानासकट परत.

विकतच्या पिठानं प्राजक्ता एकदा आजारी पडली. घरघंटी शिंगाड्यानं दोनदा अडकली. म्हणून बडनेऱ्याच्या रस्त्यावरची ही चक्की.

देवानंद त्याचं नाव. चक्की त्याच्या वडिलांची, सहदेवमामांची. सोमवारी ती बंद असायची, म्हणून मंगळवारी सकाळी सहाला पहिलं दळण माझं ठरलं. तो आदल्या दिवशी दगड उघडून ब्रशनं झाडायचा, हवेचा फवारा मारायचा. मी टॉर्च घेऊन आत डोकावायची. मग मूठभर शिंगाडा दळून फेकायचा आणि त्यानंतर आमचं पीठ. घरी आले की मी वहीत लिहायची : तारीख, पीठ, काय केलं, किती खाल्लं, पोट कसं. शेवटचा रकाना, 'चक्की पाहिली'. तिथे बरोबरची खूण.

पहिल्या मंगळवारी मी 'ताई' होते. दुसऱ्या मंगळवारी 'मॅडम'. तिसऱ्यापासून नुसतंच 'अवो'. चौथ्या मंगळवारी त्यानं धुतलेला निळा शर्ट घातला.

"कुठे कार्यक्रम आहे?" मी विचारलं.

"इथंच आहे. सहाले सुरू होते... अन् सवासहाले संपते."

"मग कपडे फुकट गेले की."

"पाहनारं पाहते, बापा. फुकट कायचे?"

मी टॉर्च दगडांवर धरला होता. दगड मला दिसले, एवढंच सांगते.

कार्तिक सरला, थंडी पडली. दादा-वहिनीला वेळ नाही आणि प्राजक्ताला वेगळ्या ताटात बसवायचं नाही, म्हणून संध्याकाळी घरातून पोळी-भात सगळ्यांसाठीच हद्दपार केला. हिरव्या वांग्याचं भरीत, मेथी, लाल भोपळा, उकडलेलं रताळं. जे बाजारात स्वस्त आणि ताजं ते. आणि भाकरीच्या जागी माझा पाव. शिंगाड्याचं पीठ, दाण्याचं कूट, कुस्करलेलं रताळं, तीन अंडी, चिमूट सोडा. कालवायचं, भांड्यात ओतायचं, ओव्हनमध्ये. संत्री आली तशी सालीचा कीस घालून गुळाचा केक व्हायला लागला. दादा बडनेऱ्याला दोन पोळ्या मारून यायचा आणि घरी 'आपल्याले हेच आवडते' असं तोंड करून बसायचा. पोरगी त्याच्याकडे बघत आपला तुकडा संपवायची.

एक तुकडा दर मंगळवारी डब्यातून चक्कीवर जायचा.

"कसा झाला?"

तो सावकाश चावायचा. "खरं सांगू?"

"खोटं सांगायले कोण बसलंय इथं?"

"घशात थोडा अडकला. पन अडकून बरा वाटला."

वहिनी एकदा वेणी घालता घालता म्हणाली, "आकांक्षा, दळणाले जाताना काजळ लागते का गं? शिंगाडा लाजते का तुमचा?" वहिनीला एसटी गाठायची होती, म्हणून वाचले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वजन भरलं अठरा किलो शंभर. वहिनी काट्यासमोरच खाली बसली आणि रडली. त्या मंगळवारी मी देवानंदला आकडा सांगितला, तेव्हा तो चक्की बंद करून बाहेर आला.

"अवो... मले काही बोलाचं होतं."

"बोला की."

"आज नाही. आज तुमच्या आनंदात माहं कायले मिसळू? पुढच्या मंगळवारी."

तो आठवडा मी कसा काढला ते वहीत नाही.

पुढच्या मंगळवारी मी सहाच्या आधीच पोचले. चक्कीवर सहदेवमामाही होते. "काल टाकी मारली दगडाले," ते म्हणाले, "पीठ पाहा आता कसं रेशमासारखं येते." दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांच्या खाचा नव्यानं काढतात, त्याला टाकी म्हणतात. मी ऐकलं आणि मान हलवली. देवानंदनं निळा शर्ट घातला होता. मामा आत गेल्यावर तो म्हणाला, "लग्न करसान का माह्याशी?" बस, एवढंच, कुठलीही प्रस्तावना नाही.

"विचार करून सांगीन," मी म्हटलं. पीठ घेतलं आणि निघाले. टॉर्च पर्समध्येच राहिला.

घरी आल्यावर वही काढली. तारीख. पीठ, दोन किलो. 'चक्की पाहिली'... मी खूण केली. हात थांबलासुद्धा नाही.

शुक्रवारी प्राजक्तानं दुपारचं ओकलं. शनिवारी पोट तट्ट फुगलं. रविवारी ती उठेना, तेव्हा दादानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. सलाईनची सुई टोचायला नर्सला शीर सापडत नव्हती. चार ठिकाणी टोचल्यावर प्राजक्ता म्हणाली, "आत्या, मी काहीच चोरून खाल्लं नाही गं." मी तिच्यावर रागावलेय असं तिला वाटत होतं.

दादानं अंड्यांवर संशय घेतला, गुळावर घेतला, शेजारच्या वाढदिवसावर घेतला. मी वही चाळत बसले होते. त्या खुणेवर आले की पान उलटायची.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी दळणाला गेले नाही, तेव्हा दुपारी देवानंद वॉर्डच्या दाराशी आला. आत आला नाही. तिथूनच दादाला म्हणाला, "भाऊ, पोरीच्या पिठात गहू गेला. माह्या हातून."

वहिनी उभी राहिली.

"टाकी मारल्यावर दगडाची कच सुटते," तो खाली बघत सांगत होता. "ती पिठात आली तर दाताखाली कचकच लागते. म्हनून पयले पायलीभर गहू दळून तो ढोराले घालतात. आमच्यात तसंच करतात. लेकराच्या दाताखाली खडा नको म्हनून म्याच घातला. मंग झाडलं, फवारा मारला. पन नव्या खाचा... खोल असतात. काल पुन्हा तसंच झाडलं अन् आज उघडून पाह्यलं. गहू होता."

"हे तुले आज सुचलं?" दादा ओरडला. "पोरगी मरून गेली असती तर?"

"बाबा म्हने, सांगू नको, चक्कीचं नाव जाईन. पन तुमी अंडे बंद करसान, गूळ बंद करसान... अन् पीठ तेच देत राहसान."

दादानं त्याची कॉलर धरली. दोन वॉर्डबॉय धावले. देवानंदनं हात वर केले नाहीत. तो गेल्यावर दादा माझ्याकडे वळला, "तू तर दर वेळी पाहतेस ना आत? वहीत लिहितेस ना?"

आता बोलायची माझी पाळी होती आणि खोटं बोलणं सोपं होतं. वहीत खूण होती.

"त्या दिवशी पाहिलं नाही," मी म्हणाले. "न पाहता खूण केली."

दादानं वही माझ्या हातातून घेतली. महिनाभर वहिनी माझ्याशी फक्त प्राजक्ताच्या औषधाविषयी बोलली, आणि मला तेही जास्तच वाटायचं.

वजन सोळा किलो चारशे. एका पिशवीनं अख्खा हिवाळा खाल्ला. महिनाभर प्राजक्ता रताळी, केळी, अंडी आणि भाज्यांवर राहिली. कुठल्याच पिठावर माझा विश्वास उरला नव्हता. "आत्या, केक कधी?" हे ती आठवड्यातून एकदाच विचारायची. तिनं तेवढंच ठरवून घेतलं असावं.

मार्चअखेर फाटकाच्या आत एक चिठ्ठी पडलेली सापडली. त्यावर अकोल्याचा, जुन्या शहरातला पत्ता. खाली एकच ओळ : 'पार्बताबाई फक्त शिंगाडा अन् राजगिराच दळतात. पस्तीस वर्षं दुसरं काही नाही.' सही नव्हती.

मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. पार्बताबाई साठीच्या, तोंडाळ, कंबर वाकलेली. टॉर्च काढला तर म्हणाल्या, "पाहा, पाहा. तुह्या आधी तो बडनेऱ्याकडचा मानूस तीनदा येऊन गेला."

"तीनदा?"

"उंबऱ्याबाहेर उभा! 'आत या' म्हनलं तर म्हने, माह्या अंगावर गहू आहे. तिथूनच माह्याकडून दगड उघडून घेतले, खाचा दाखवून घेतल्या. टाकी मारल्यावर काय घालता म्हने. म्या म्हनलं, शिंगाडाच घालतो बापा, गहू या घरात येतच नाही." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "नवरा आहे का तुहा?"

"नाही."

"मंग एवढी उठाठेव कायले करते तो?"

मी दगड पाहिले. दोनदा पाहिले. मग पीठ घेतलं.

परतीच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरले, तेव्हा अकरा वाजत होते. स्टेशनबाहेर ऊन रखरखत होतं, वारा सुटला होता. लिंबाच्या झाडाखाली देवानंद उभा होता; सकाळी चक्कीवरून मला स्टेशनकडे जाताना त्यानं पाहिलं असावं. दाढी वाढलेली. पीठ नव्हतं चेहऱ्यावर, तरी कसा तरी पांढराच दिसला. मला पाहून पुढे आला नाही. पिशवी पाहिली, वारा कुठून येतोय ते पाहिलं... आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे त्याच्याकडचा वारा माझ्या पिशवीवर येणार नाही.

"बरं आहे का पीठ?" त्यानं तिथूनच विचारलं.

"बरं आहे."

"पोट्टी?"

"सोळा किलो सहाशे."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "चक्की सोडतो म्या. दुसरं काही करीन."

"काय करसान?"

तो नखांच्या कडा कोरायला लागला.

"मामांचे हात थरथरतात. चक्की तुमच्यावरच आहे," मी म्हणाले. "आज सोडसान. दोन वर्षांनी प्राजक्ता दारात आली की तुम्हाले पोरगी दिसणार नाही, सोडलेली चक्की दिसीन. मले ते नको."

"मंग तुमी या."

"तुमचं घर चक्कीच्या वर आहे. तिथल्या अंथरुणावरही पीठ असते. तिथून येऊन मी तिचा पाव कसा करू?"

"म्हंजे नाही म्हना ना सरळ."

"नाही म्हणायचं असतं तर एवढी कारणं दिली असती का?" मला रडू येत होतं, म्हणून आवाज चढला. "तिले स्वतःचं समजू द्या. काय खायचं, कोणाले विचारायचं, नाही कसं म्हणायचं. वीस किलोची होऊ द्या. मग मी कुठंही राहीन."

"वीस." त्यानं मनात वजाबाकी केली. "तीन किलो अन् वर चारशे. आमी तर एवढं सांडवतो, बापा, दिवसाले."

"लेकराच्या अंगावर त्याले दोन वर्षं लागतात. चुकलं तर तीन."

"अन् तोवर?"

"तोवर काही नाही."

ऑटोवाले 'राजापेठ, राजापेठ' ओरडत होते.

"थांबतो," तो म्हणाला. "दुसरं काय येते मले?"

मी पिशवी बाकावर ठेवली. गाठ घट्ट आहे ना ते पाहिलं. मग झाडाच्या पलीकडे गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. खरखरीत होता, नखांच्या कडांना गहू होता, आणि मी तो सोडला नाही. पलीकडे अमरावतीची पॅसेंजर सुटली, तोवर आम्ही तसेच.

मग मी स्टेशनच्या नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, उन्हात धरून वाळवले आणि पिशवी उचलली.