चोक धरायला कुणीतरी हवं

हे कुणाला सांगायचं नाही असं काकांनी मला बजावलं आहे. वहिनींना तर नाहीच नाही. म्हणून मी सांगत नाहीये, लिहून ठेवतेय. वहिनींचं स्वयंपाकघर आज रिकामं आहे. भांडी खोक्यांत गेली आहेत आणि त्यातल्याच एका खोक्यावर मी बसले आहे. मागच्या शेडमधून हाक येईपर्यंत लिहून होईल.

माझे काका गाड्या दुरुस्त करतात. ज्यांनी त्यांना हे काम शिकवलं त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे आणि वस्तादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. वस्ताद मागच्या वर्षी गेले. मागे राहिली त्यांची जुनी गाडी, फिकट हिरवी, गोल दिव्यांची, चेहऱ्यावरून जराशी आश्चर्यात पडल्यासारखी दिसणारी. वहिनी उद्या मुलीकडे राहायला जाणार, घर दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, म्हणून शेड आज संध्याकाळी मोकळी व्हायला हवी. जुन्या गाड्या पोटच्या पोरासारख्या सांभाळणारे एक हौशी गृहस्थ हिला न्यायला तयार आहेत. पण त्यांची एकच अट आहे, गाडी डोळ्यांदेखत सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर भंगारवाला तिचे तुकडे करून नेणार. आणि वस्तादांनी अंथरुणावरून काकांचं मनगट धरून एवढंच मागितलं होतं की गाडी कापू देऊ नकोस.

तर सकाळी काका एकटेच शेडमध्ये शिरले. आभाळ भरलेलं होतं. सामानाबरोबर शेडमधला बल्बही खोक्यात गेला होता, त्यामुळे उजेड काय तो दारातून येईल तेवढाच. आत जुन्या ऑइलचा आणि रबराचा वास साचला होता.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि वस्तादांनी शिकवलेल्या क्रमानं एकेक गोष्ट तपासत गेले. नवं पेट्रोल भरलं होतं, ते कार्बोरेटरपर्यंत नीट पोचत होतं. प्लग काढून पुसले. ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडले होते, ते काचपेपरनं घासले. ठिणगी बघितली तर चांगली निळी, जोरकस पडत होती. हवा जात होती, इंजिन फिरत होतं. सेल्फ-स्टार्टर कधीच जळून गेलेला, त्यामुळे पुढून लोखंडी हँडल लावून फिरवायचं. काकांनी फिरवून फिरवून दंड दुखवून घेतले. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं.

खोट कुठे आहे ते त्यांना खरं तर ठाऊक होतं. थंड इंजिनाला आधी चोक लागतो. डॅशबोर्डवर त्याची एक मूठ असते, ती ओढून धरली की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. या गाडीत त्या मुठीचा खटका झिजलेला आहे. सोडली की ती हळूच आत जाते. म्हणून ही गाडी एकट्या माणसाकडून कधीच सुरू झाली नाही. वस्तादांना खटका बदलणं काही अवघड नव्हतं, पण ते म्हणायचे, "राहू दे. गाडीला माणूस लागला पाहिजे."

दोघांनी ती सुरू करायची एक ठरलेली रीत होती. पुढच्या माणसानं हँडल बसवायचं आणि बॉनेटवर दोनदा थाप मारायची. आतल्यानं चोक ओढायचा, किल्ली फिरवायची आणि स्टिअरिंगवर एकदा टक् करून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय हँडलला जोर लावायचा नाही, कारण वेळ चुकली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. आधी वस्ताद पुढे असायचे आणि काका आत. पुढे वस्तादांचे हात थकले, तेव्हा जागा बदलल्या. त्यांच्या बोटात बेअरिंगच्या पोलादाची घडवलेली अंगठी असायची, तिचा तो टक् वेगळाच वाजायचा. अंगठी शेवटपर्यंत निघाली नाही. तशीच गेली त्यांच्याबरोबर.

वहिनी त्या गाडीत आता बसत नाहीत. त्यांना सांगायचं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणला आणि ओढलेल्या मुठीमागे लावून दिला. पुढे जाऊन हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. येऊन बघतात तर मूठ आत आणि चिमटा खाली पायाशी. निसटला असेल म्हणून त्यांनी दुसरा, जरा घट्ट आणला. पुन्हा तेच. पण या वेळी चिमटा खाली नव्हता. सीटवर नव्हता, सीटखाली नव्हता. शेवटी त्यांनी डॅशबोर्डवरची बंद ॲशट्रे ओढली. दोन्ही चिमटे आत शेजारी शेजारी ठेवलेले होते.

काकांना तेव्हा घाबरायच्या आधी हसू आलं म्हणे. फार वर्षांपूर्वी, नवीन असताना, त्यांनी हाच उपाय केला होता आणि वस्तादांनी सगळ्यांसमोर त्यांची खरडपट्टी काढली होती. "पान्या, गाडी आहे ती. दोरीवरचा सदरा नाही." काकांना ते पान्याच म्हणायचे, कारण सुरुवातीला मागितलेला पाना सोडून ते भलताच हातात द्यायचे.

मग हसू गेलं, कारण शेडमध्ये लवंगेचा वास येऊ लागला. वस्तादांच्या गालात कायम लवंग असायची.

काकांनी मनाची समजूत घातली की खोकी बांधताना घरात डबा सांडला असेल. किल्ली बंद केली, प्लग पुन्हा पुसून बसवले, बॉनेट लावलं. पुढे जाऊन हँडल बसवलं आणि तिथे त्यांची चूक झाली. इतक्या वर्षांची सवय हातात मुरलेली. त्यांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली.

आतून आवाज आला. टक्.

आणि हातानं डोक्याला विचारलंच नाही. हँडल गर्रकन फिरलं, इंजिन भडभडलं आणि गचके खात सुरू झालं. सबंध शेड थरथरू लागली. काकांचा जीव भांड्यात पडला. आनंदानं ते बाजूनं वळले, काचेतून आत बघितलं, आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आत कुणी बसलेलं नाही. किल्ली फिरवलेली होती. चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढलेली होती आणि तशीच राहिली होती. ते बघत असताना ती सावकाश आत सरकू लागली. इंजिन तापत जाईल तसा चोक कमी करतात ना, अगदी तशीच, बेताबेतानं.

नेमकी त्याच वेळी मी दारात पोचले. काका चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आले होते. मी बघितलं, काकांनी दाराच्या उघड्या खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली आणि उपसून खिशात टाकली. इंजिन थांबलं. त्या शांततेत ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग करकरली. कुणी उठल्यावर दबलेली सीट वर येते तशी ती हळूहळू वर आली.

मी चष्मा पुढे केला. 

एवढ्यात वहिनी घराच्या मागच्या दाराशी आल्या. हात पदराला पुसत होत्या. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पान्या... आत कोण बसलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ही... ही बसली होती, वहिनी. चोक धरायला."

वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं. दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांकडे. माझ्या बोटात अंगठी नाही. मग त्या आत गेल्या.

काकांनी मला जवळ घेऊन समजावलं, "त्यांना कळलं तर त्या उद्या जायच्या नाहीत. या रिकाम्या घरात बसून राहतील. कळतंय ना तुला?" मी मान हलवली. मग निदान हँडल तरी काढून ठेवावं म्हणून ते पुढे गेले. किल्ली त्यांच्या खिशात होती. थाप मारलीच नव्हती, हात नुसता हँडलकडे जात होता. आणि आतून टक् झालं. थोडं थांबून पुन्हा टक्. कुणीतरी ताटकळल्यासारखं.

काका स्वयंपाकघरात येऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले, हात स्वच्छ झाल्यावरसुद्धा. वर लिहिलेलं सगळं त्यांनी मला तेव्हा सांगितलं, तुटक तुटक. मी म्हटलं, आपण नकोच सुरू करूया. ते म्हणाले, "मग कापतील तिला. आणि ते आत असतील तर...?" 

आता फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आहे. ते गृहस्थ आले असावेत. वहिनी चप्पल घालून शेडकडे निघाल्या आहेत, त्यांनाही बघायचं आहे म्हणे. आणि काका मला हाक मारतायत, ये लवकर, चोक धरायला बस. पण ड्रायव्हरच्या सीटवर नको, शेजारच्या सीटवर बस आणि तिथून हात लांब कर, हे ते दुसऱ्यांदा ओरडून सांगतायत. जाते. फक्त एवढंच विचारायचं राहिलं आहे की त्यांनी दोनदा थाप मारली की उत्तर मी द्यायचं की