एकही ओरखडा नाही

ठमीची आई नाण्यांची पारख करायची. दुपारी ठमी झोपली की दोन तास हाताशी यायचे, तेवढेच. आज मात्र चार वर्षांची ती पोर झोपेला दाद देत नव्हती. आईच्या पाठीमागे पलंगावर बसून ती बाहुलीला रागे भरत होती.

टेबलापलीकडे एक अनोळखी बाई बसल्या होत्या. एकच नाणं आणलं होतं. प्रश्न नेहमीचा: हे संग्राहकांसाठी खास पाडलेलं प्रूफ नाणं, की टाकसाळीतून आलेलं नुसतं कोरं?

"चकाकतात दोन्ही," ठमीची आई म्हणाली. "पण कोरं नाणं दिव्याखाली कलतं केलं, की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. प्रूफचा तसा फिरत नाही. ते घासूनपुसून लखलखीत केलेल्या साच्याने दोनदा ठोकतात, त्याचा आरसाच होतो. पुसलंत का कधी?"

हे ती सगळ्यांना विचारायची. लोक कौतुकाने पुसतात आणि नाण्याचं वाटोळं करतात.

"एकदाच," बाई म्हणाल्या. "जोरात."

भिंगाखाली एकही ओरखडा दिसेना. थापा मारताहेत, तिच्या मनात आलं. कडा धारदार होती. मधलं उठावाचं पाखरू दुधाळ, भोवतालची जागा काळीभोर. उजेड फिरला नाही. खात्रीसाठी तिने ठमीचं अक्षरांचं कार्ड नाण्यावर चार बोटं अंतरावर धरलं. 'क' उलटा दिसला, पण अगदी स्वच्छ. त्याच्या मागे खिडकी, पलंग, ठमी.

"प्रूफच आहे. डोळे मिटून सांगते."

बाईंचा चेहरा पडला. "साधं निघालं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं असतं, चकाकीत माझीच नजर फसली."

"अहो, बाकीचे उलटं ऐकून तोंड पाडतात. घरी दाखवा, खूश होतील सगळे."

"घरी आता मी एकटीच."

त्या उठल्या. नाणं टेबलावरच राहिलं.

"अहो, विसरलात की."

बाई दारात थांबल्या. पलंगाकडे त्यांनी पाहिलं नाही. न पाहण्याची काळजी घेतली. "पुसू मात्र नका हं," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ठमीच्या आईला हसू आलं. माशाला पोहायला शिकवायची गत.

"आई, पाणी घेऊ?" ठमीने विचारलं. आवाज स्वयंपाकघरातून आला.

आईची नजर नाण्यावर होती. नाण्यात ठमी पलंगावर बसली होती.

तिने मागे वळून पाहिलं. पलंग रिकामा. बाहुली पालथी.

पुन्हा नाण्यात पाहिलं. ठमी तिथेच होती, बाहुली मांडीवर घेऊन. इकडेच बघत होती. ओठ हलत होते.

स्वयंपाकघरात पेला पडला. ओल्या फ्रॉकातली ठमी दारात येऊन ओशाळं हसली. आईने तिला उचलून छातीशी धरलं. सकाळपेक्षा हलकी लागली.

दहा वर्षं ती लोकांना पुसू नका म्हणत आली होती. आता तिने कोपऱ्यातला खरखरीत पंचा ओढला आणि नाणं घासायला घेतलं. गोल गोल. हात दुखेपर्यंत. आरशावर धुकं आलं, त्यात पलंग बुडाला, मग पलंगावरचं सगळं बुडालं.

तिचा जीव भांड्यात पडला. नाणं तिने पालथं ठेवलं.

"आई, इथे खाजतंय."

"कुठे गं, सोन्या?"

ठमीने गाल पुढे केला. गालावर काही नव्हतं. आईने तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे नेला.

तरी काही नाही.

मग, हाताच्या सवयीने, किंचित कलता केला.

कानापासून हनुवटीपर्यंत रेघा होत्या. केसाहून बारीक. गोल, एकीत एक.

ठमीला तशीच कडेवर घेऊन तिने दुसऱ्या हाताने नाणं उलटलं.

त्यावर एकही ओरखडा नव्हता.