करंगळीपासून एक बोट

जळत्या कांडीचं टोक आणि मंजुळावहिनीच्या पायाची करंगळी यांच्यात एक बोट अंतर होतं. कांडी झिजत होती, टोक मागे सरकत होतं, आणि डॉक्टरांचा हात तेवढाच पुढे येत होता. पंधरा मिनिटं ते अंतर एक बोटच राहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. इतका स्थिर हात मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

खरं तर मी तिथे असणारच नव्हते. वहिनीला दादा आणणार होता, पण ऐनवेळी त्याला कापूस घेऊन चिखलीला जावं लागलं, म्हणून आईच्या जोडीला शाळेतून परस्पर मी आले. वहिनीचा आठवा महिना संपत आला होता आणि बाळाचं डोकं अजून वरच होतं. मेहकरच्या स्टँडमागे कलकत्त्याहून शिकून आलेला, सुया टोचून पोटातलं बाळ फिरवणारा डॉक्टर बसतो, असं आईने बाजारात ऐकलं होतं. डॉ. तुळशीराम इंगळे. नावावरून मला साठीचे वाटले होते. निघाले तिशीचे.

सुरुवातीलाच अडलं ते मासोळीवर. करंगळीतली चांदी तापेल, काढून ठेवा, असं ते म्हणाले.

"सवाशीण बाईच्या पायातलं काढत नसते, डाक्तर," आई म्हणाली. "सुया नको म्हटल्या तं तुम्ही बिडी काढली. आता मासोळी काढा म्हणता."

"राहू द्या मावशी." त्यांनी कापूस पाण्यात भिजवला आणि मासोळीभोवती हलकेच गुंडाळला. "ताई, चटका बसला तर मला शिव्या द्यायच्या. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं."

वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी.

खोलीत धूर पसरला. कडसर, ओळखीचा वास... "दवण्याच्या कुळातलं आहे का हे?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याच कुळातला एक पाला आहे. वाळवून, कुटून, कागदात वळतात. चीनमध्ये शिकून आलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला शिकवलं."

"किती बायकांना केलंत?"

"एकोणीस."

"बाळं किती फिरली?"

"बारा."

"आणि काहीच केलं नसतं तर? या दिवसांत पुष्कळ बाळं आपोआपच फिरतात ना?"

आई मला कोपराने ढोसत होती. डॉक्टरांनी कांडीची राख बशीत झटकली आणि म्हणाले, "माहीत नाही."

हे दोन शब्द मी पुरुषाच्या तोंडून सहसा ऐकले नव्हते. दादाला पुढच्या साली कापूस किती होईल तेही माहीत असतं. दिवाळीत मला बघायला आलेल्या खामगावच्या ओव्हरसियरांनी चहा पिता पिता सांगितलं होतं, की लग्नानंतर मला नोकरी करावीशी वाटणार नाही. ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्या स्थळाला अजून उत्तर गेलेलं नव्हतं. दादाने विचारलं की मी "सांगते" म्हणायचे. होळी जवळ आली होती.

उपचार दहा दिवसांचा होता. दुसऱ्याच दिवशी दादा परतला.

"दादा आला ना चिखलीहून," आई म्हणाली, "मंग तू काऊन निघाली?"

"वहिनीला सोबत."

"वहिनीले म्या हावो ना सोबत."

तरी मी गेले. रोज गेले. डॉक्टर कांडी धरायचे, मी प्रश्न विचारायचे. एकदा त्यांनी कांडी माझ्या हाती दिली. तीन मिनिटांत हात थरथरायला लागला. "आता कळलं?" ते म्हणाले. माझ्या मनगटाखाली त्यांनी आपला तळवा धरला — अगदी थोडं अंतर ठेवून. स्पर्श झाला नाही, ऊब मात्र लागली... वहिनी छताकडे बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

आठव्या दिवशी आई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घरी विचारायला कोणी मोठं माणूस नाही. म्हणून मीच विचारतो. अन्नपूर्णाबाई, माझ्याशी लग्न कराल?"

"सांगते," मी म्हटलं.

"ओव्हरसियरलाही दिवाळीपासून हेच सांगून राहिल्या म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या वहिनींनी. पडल्या पडल्या बाईला दुसरं काम काय?"

मला हसू आलं. ते मला आवडत होते, यात शंका नव्हती. भीती वेगळीच होती. माणूस आपल्या विद्येवर भाळला, की तिचं अपयश त्याला दिसेनासं होतं. आणि इथे वहिनीचं बाळ होतं.

दहाव्या दिवशी त्यांनी बराच वेळ पोट तपासलं. मग हात धुतले.

"फिरलं नाही," ते म्हणाले. "डोकं वरच आहे."

"अजून आठ दिवस करून पाहू ना," आई म्हणाली. बिडी म्हणून हिणवणारी आई आता त्याच कांडीला धरून बसली होती. "तुमच्या हाताले गुण हाये, बाप्पा."

"नाही मावशी. माझ्या भरवशावर थांबू नका. ताईंचं नाव बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात घाला. कळा सुरू झाल्या की वाट पाहायची नाही. जीप मी सांगून ठेवतो."

टेबलावरची नोंदींची वही त्यांनी ओढली आणि विसाव्या ओळीत लिहिलं: फिरलं नाही. अक्षर नेहमीसारखंच होतं, वळणदार. मी ते दोनदा वाचलं.

होळीनंतर एका पहाटे वहिनीला कळा लागल्या. डॉक्टर जीपमध्ये पुढे बसून आले. बुलढाणा येईपर्यंत दर दहा मिनिटांनी ते वळून वहिनीची नाडी बघत, आणि मी घड्याळ धरून आकडे सांगत होते. आमचं बोलणं तेवढंच.

अकराच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली. मुलगी. दोघी सुखरूप. आई आत धावली. दादा व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसला, उपरण्यानं डोळे पुसले आणि थोड्या वेळाने एकदम उत्साहात आला.

"अन्नू, आता तुह्यंही उरकून टाकू. खामगावची चिठ्ठी आली हाये परत. लोकं कवापर्यंत थांबतीन? काय कळवू त्याईले?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले डॉक्टर उठले. "मी जरा... पाणी पिऊन येतो."

"बसा," मी म्हटलं.

ते बसले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला.

"त्याईले नाही म्हणून कळव, दादा. मले या डॉक्टरांसोबत लग्न करायचं हाये."