पीळदिव्याखाली

संध्याकाळी पाळणाघरातून निघताना मूल कातडीतल्या न दिसणाऱ्या खुणा दाखवणाऱ्या पीळदिव्याखालून न्यायचं, हे आता सगळ्या नाशिकच्या अंगवळणी पडलं होतं. असा नियम व्हावा म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत शलाका सर्वांत पुढे होती. त्याच दिव्याने तिच्या लेकीच्या, जुईच्या दंडावर चार बोटांचे ठसे दाखवले. वळ नव्हता, काळंनिळं काही नव्हतं; पडद्यावर मात्र बोटं स्पष्ट. शलाकाने सगळ्या पालकांसमोर मुलं सांभाळणाऱ्या विमलमावशींना फैलावर घेतलं आणि मावशींना घरी बसवण्यात आलं.

आज ती बोटं मावशींचीच का, याची खात्री करायला दिव्याच्या जाणकार डॉ. नाखरे आल्या होत्या. दिवा चुकत नाही ना, असं शलाकाने विचारल्यावर त्यांनी त्याची काच काढून दाखवली. तिच्यावर केसाहून कितीतरी बारीक खांबांचं जंगल होतं, डोळ्यांना न दिसणारं. साधा प्रकाश त्यातून गेला की दोरीसारखा पीळ घेऊन बाहेर पडतो. कातडीतले धागेही पिळाचेच. कुणी आवळलं की तिथला पीळ सैलावतो, काही दिवस तसाच राहतो, आणि परतणारा प्रकाश ती खूण घेऊन येतो.

"म्हणजे कुणी छळलं तर कळतंच," शलाका म्हणाली.

"आवळलं, एवढंच कळतं. रागाने, घाईने की पडताना सावरायला, ते दिव्याला कळत नाही."

बोलावून आणलेल्या मावशींनी दोन्ही हात दिव्याखालच्या काचेवर ठेवले. ठसे जुळेनात. दंडावरच्या एका बोटाच्या मुळाशी आडवी पट्टी होती, अंगठीची. मावशींची बोटं मोकळी होती. पाळणाघरात अंगठी चालत नाही.

शलाकाने हात ओढणीखाली घेतला. सोमवारची सकाळ. ऑफिसची बस, स्वेटरच्या बाहीत न शिरणारा हात, जुईचं रडणं, आणि तिने हिसडलेला तो दंड.

"आणखी कुणाचा हात बघायचा का?" नाखरेंनी हळू विचारलं.

"राहू द्या हो," मावशीच म्हणाल्या. "सकाळच्या घाईत होतं असं. हा दिवा माझ्या लहानपणी असता, तर माझी आई जन्मभर तुरुंगात असती."

शलाकाने अंगठीसकट हात काचेवर ठेवला. ठसा जुळला. मावशींकडे मात्र तिला बघवेना.

खेळण्यांतून उठून जुई आली, हात पसरून. शलाकाने तिला उचललं खरं, पण पुन्हा ठसा उमटेल या धास्तीने बोटं मिटेनात. उघड्या तळव्यांवर तोलत ती जिना उतरू लागली. पोर हातांतून घसरू लागली. तरीही बोटं मिटली नाहीत.

मग जुईनेच आईच्या मानेला मिठी मारली. घट्ट, नखं रुतेपर्यंत.