एकोणीस तारखेचा खण

आमच्या दैनिकात 'आजच्या दिवशी' हे सदर मी लिहितो. लिहितो म्हणजे खणातून काढतो. ऑफिसात भिंतीला लागून एक लाकडी कपाट आहे. त्याला तीनशे सहासष्ट खण, एका तारखेला एक. एकोणतीस फेब्रुवारीचा खण चार वर्षांतून एकदा लागतो, म्हणून उपसंपादक त्यात बिस्किटं ठेवतात. बाकी प्रत्येक खणात पाच कार्डं. कुठे तह झाला, कुठे पूल कोसळला, कुठे कुणी पहिल्यांदा उडालं आणि लगेच पडलं.

नियम एकच. नवं कार्ड आत घालायचं तर जुनं एक बाहेर काढायचं.

"आणि सहावं घातलं तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खण बसत नाही," कपाट सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला पंधरा वर्षं होती, पण बोलण्यातून त्या आधीच निवृत्त झालेल्या.

जूनमधल्या एका तारखेला चारच कार्डं निघाली. पान छपाईला सोडायला वीस मिनिटं उरलेली. मी पाचवं ठोकून दिलं: 'टोपीवाल्याच्या पोपटाची न्यायालयात साक्ष, मालक निर्दोष.' साल एकोणीसशे एकतीस, कारण एकतीस म्हटलं की खरं वाटतं.

आठवड्यानं एक बाई आल्या. पिशवीतून त्यांनी पिवळा पडलेला फोटो काढला. साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर आणखी एक छोटा पिंजरा.

"हे आमचे पणजोबा," त्या म्हणाल्या. "डावीकडचे."

उजवीकडे पोपट होता.

"आमच्याकडे कुणाचा विश्वासच बसत नव्हता हो. तुम्ही छापलंत, फार बरं केलंत."

फोटोच्या मागे तारीख होती. मी ठोकलेलीच. खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण समोरचा आभार मानत असताना घाबरणं बरं दिसत नाही.

मी सतराव्या वर्षापासून आत्याकडे राहतो. आई-वडिलांनंतर मला जे काही आहे ते आत्याच. सप्टेंबरात तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरलं. सर्जन म्हणाले, वाचण्याची शक्यता पन्नास टक्के.

"पन्नास?" आत्या मला म्हणाली. "तुला गणितात कधी पडले होते का रे एवढे? पास झालासच ना?"

एकोणीस तारखेला सकाळी आम्ही घरून निघालो आणि हॉस्पिटलात तिला लगेच आत नेलं. मला बाहेरच्या बाकावर बसवेना. ऑफिस तीन गल्ल्या सोडून. गेलो, कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: 'आत्याची शस्त्रक्रिया यशस्वी, शुद्धीवर येताच उशीवरून भांडण.' साल चालू. एकोणीस सप्टेंबरचा खण ओढला. पाच कार्डं होती, एक काढायला हवं होतं. पण वाचून निवड करायला डोकं ताळ्यावर कुठे होतं? मी सहावं तसंच आत सारलं.

खण अलगद बसला.

हॉस्पिटलात परत आलो तर बाकावर माझ्या पिशवीला टेकून एक छोटी, चित्रांची पाण्याची बाटली होती, झाकण उघडं. आसपास कुणी नव्हतं. तहान लागली होती, मी प्यालो.

दुपारी सर्जन बाहेर आले. "झालं सगळं व्यवस्थित. जाग्या होताच नर्सला झापलं त्यांनी. म्हणाल्या, ही उशी आहे की वीट?"

मी एवढा हसलो की शेजारच्या वॉर्डातून लोक बघायला आले.

चार दिवसांनी ताईंनी मला बोलावलं. एकोणीसचा खण उघडा होता. आत माझं धरून पाच कार्डं लिहिलेली, सहावं ताईंच्या हातात. "हे कोरं कार्ड इथे कुणी ठेवलं?"

कार्ड जुनं होतं, कोपरे मळलेले. वर एक अक्षर नव्हतं. बोट फिरवलं तर मात्र खळगे लागत होते, पेन दाबून लिहिल्यासारखे. मी पेन दाबूनच लिहितो.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

ताईंनी कार्ड उलटसुलट केलं आणि चहाच्या कपाखाली ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आत्याला घरी आणलं. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी डॉक्टरांना तारीख बदलून मागत होते ना रे? एकोणीस नको म्हणून?"

"हो. हटूनच बसली होतीस."

"का बरं?"

"घाबरली असशील."

"मी?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

घरात येऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी चौकटीला धरून उभी राहिली, श्वास घ्यायला.

"ह्या रेघा कसल्या रे?"

चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी मोजल्या. अकरा. माझ्या मांडीपासून छातीपर्यंत, एकावर एक. प्रत्येकीपुढे तारीख, आत्याच्या अक्षरात. सगळ्या एकोणीस सप्टेंबरच्या.

"तुझी उंची असेल," आत्या म्हणाली.

"मी इथे आलो तेव्हाच यापेक्षा उंच होतो."

"मग सुतारानं केल्या असतील."

"असतील."

तिला भूक लागली होती, ही चांगली खूण. आम्ही पोटभर जेवलो. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटलं. ती झोपल्यावर मी पुन्हा दाराशी गेलो.

शेवटची रेघ याच वर्षीची होती. घाईत ओढलेली. आधी वर काढलेली एक रेघ खोडून, बोटभर खाली पुन्हा मारलेली. टाचा उचलणाऱ्याला दटावून, पाय टेकवायला लावल्यावर मारतात तशी.